आकाशातल्या इलेक्ट्रॉनांचा ताप



मुलाच्या अंगाला हात लावला आणि ते कढत लागले, की आपण तापमापी काढतो, ती काखेत ठेवतो आणि दोन मिनिटे थांबतो. ही दोन मिनिटे कशासाठी? अंगाची उष्णता तापमापीत उतरावी आणि दोहोंचे उष्णतामान सारखे व्हावे, एवढ्यासाठी. म्हणजे तापमापी खरे पाहता स्वतःचेच उष्णतामान सांगत असते. आपण ते मुलाचे म्हणून वाचतो. घरात ही युक्ती चालते. पण समजा, गोखिवऱ्याहून आपण सरळ वर निघालो. तुंगारेश्वराचा डोंगर खाली राहिला, ढग खाली राहिले, आणि इथून गोव्याला जायला जेवढे अंतर पडते साधारण तेवढे, म्हणजे पाचशे किलोमीटर, चढून आपण तिथे तीच तापमापी धरली. ती काय सांगेल? तिच्यावर ऊन पडले तर ती तापेल, पृथ्वीच्या सावलीत गेली तर गारठेल. भोवतालच्या कणांचा तिला पत्ताही लागणार नाही. ते इतके विरळ असतात, की तापमापीला ऊब देणे त्यांच्या आवाक्यातले नाही. आणि तरीही तिथल्या इलेक्ट्रॉनांचे उष्णतामान कधी आठशे, कधी सोळाशे, तर कधी साडेतीन हजार अंश असते असे शास्त्रज्ञ सांगतात. हे त्यांना कळले कसे? आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

तिथे मुळात आहे काय, ते आधी पाहू. आपण श्वास घेतो त्या हवेच्या एका घनसेंटिमीटरात, म्हणजे एका लहानशा बोराएवढ्या जागेत, २५ वर १८ शून्ये इतके रेणू दाटीवाटीने असतात. वर जावे तशी ही दाटी ओसरते. शंभर किलोमीटरच्या आसपास आणि त्याहून वर जी थोडीबहुत हवा उरते, तिच्यावर सूर्याचे जंबुपार किरण थेट आदळतात. त्या माऱ्याने काही अणूंमधला एखादा इलेक्ट्रॉन सुटून मोकळा होतो आणि मागे राहिलेला अणू धनभारित बनतो. त्याला आयन म्हणतात. मोकळे इलेक्ट्रॉन आणि आयन यांचे हे मिश्रण म्हणजे प्लाझ्मा. (आपल्या परिभाषाकारांनी 'आयनद्रायू' असा शब्द घडवला आहे. तो वाईट नाही, पण वर्गात म्हणून पाहा. मुलांच्या जिभेवर तो फार वेळ टिकत नाही.) पाचशे किलोमीटरवर बोराएवढ्या त्या जागेत साधारण एक लाख मोकळे इलेक्ट्रॉन सापडतात, कधी याच्या कितीतरी कमी, कधी दहा लाखांपर्यंत. आकाशाच्या या पट्ट्याला आयनांबर असे नाव आहे.

रेडिओ ऐकणाऱ्याला आयनांबराची ओळख नव्याने करून द्यायला नको. दिवसा मध्यम लहरींवर जवळचीच केंद्रे लागतात आणि रात्री शेकडो मैलांवरची परकी भाषा काट्यावर येऊन बसते, हा त्याचाच खेळ. दिवसा आयनांबराचा खालचा थर ह्या लहरी गिळून टाकतो. रात्री तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरावरून परतून दूरवर खाली उतरतात.

याच गुणाचा उपयोग करून जमिनीवरून वर रेडिओलहरी सोडायच्या आणि त्या किती वेळाने परत येतात ते पाहायचे, ही आयनांबर मोजण्याची जुनी रीत. ती चांगली आहे, पण तिच्यात दोन उणिवा आहेत. एक म्हणजे, इलेक्ट्रॉनांची दाटी जिथे सर्वांत जास्त असते त्या साधारण तीनशे किलोमीटरच्या पातळीपर्यंतच ती पाहू शकते. त्यापलीकडे गेलेली लहर परत येतच नाही. डोंगराच्या अलीकडची बाजू दिसावी आणि पलीकडचा उतार झाकलेला राहावा, तसे हे. दुसरी उणीव अशी, की इलेक्ट्रॉन किती आहेत हे तिच्यावरून कळते, पण ते किती तापलेले आहेत हे कळत नाही. आणि यांतली एकच गोष्ट कळून भागत नाही, हे आपण पुढे पाहणार आहोत. म्हणून तिथे प्रत्यक्ष जाणे आले.

आता मूळ युक्तीकडे वळू. वायूचे उष्णतामान म्हणजे त्यातील कणांच्या धावण्याचा जोर. कण सगळे एकाच जोराने धावत नाहीत. काही रेंगाळतात, बरेचसे मध्यम चालीने जातात, थोडे भन्नाट सुटतात. हा जोर मोजायचा कसा?

शेताला वई घातली आहे आणि पलीकडे बकऱ्यांचा कळप आहे अशी कल्पना करा. वई नसेल तर भेटेल ती बकरी आत शिरेल. वई हातभर उंच केली, तर रेंगाळणाऱ्या बाहेर राहतील आणि उड्या मारणाऱ्या आत येतील. आणखी हातभर वाढवली, तर त्याहून कमी येतील. कळप सुस्त असेल तर पहिल्या हातालाच आत येणाऱ्यांची संख्या घसरेल. कळप उनाड असेल तर दोन हात, तीन हात उंचीवरूनही बऱ्याच बकऱ्या येत राहतील. म्हणजे बकरीच्या अंगाला हात न लावता, फक्त वईची उंची वाढवत नेऊन आत आलेल्या बकऱ्या मोजल्या, तर सगळ्या कळपाचा उनाडपणा काढता येतो.

उपग्रहावरचे यंत्र हेच करते. इलेक्ट्रॉन ऋणभारित असतो, म्हणून त्याच्या वाटेत तारेची बारीक जाळी धरून तिला ऋण विद्युत्दाब दिला, की ती जाळी त्याला मागे लोटते. हीच आपली वई, आणि तिची उंची व्होल्टमध्ये मोजायची. जाळीमागे धातूची चकती असते. जे इलेक्ट्रॉन जाळी ओलांडतात ते चकतीवर पडतात आणि चकतीतून तेवढा विद्युत्प्रवाह वाहतो. दाब पायरीपायरीने बदलत जायचे आणि प्रवाह टिपत जायचे. एवढेच. याहून साध्या रचनेत जाळीही नसते. उघडी सळई किंवा गोळा प्लाझ्मात धरतात आणि त्यालाच दाब देतात. ही रीत अमेरिकन शास्त्रज्ञ आयर्विंग लँगम्यूर यांनी १९२० ते १९३० या दशकात काचेच्या नळीतल्या विद्युत्प्रवाहासाठी बसवली. 'प्लाझ्मा' हा शब्दही १९२८ साली त्यांनीच या अर्थी वापरला. १९३२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना वेगळ्या कामासाठी मिळाले, पण त्यांचे नाव आकाशात फिरते ते ह्या सळईमुळे.

शिक्षक बंधुभगिनींनी पुढचे आकडे फळ्यावर मांडून दाखवावेत. वई नसताना १०० इलेक्ट्रॉन आत येतात असे धरा. इलेक्ट्रॉनांचे उष्णतामान ११६० अंश असेल, तर वई ०.१ व्होल्ट केल्यावर ३७ येतील, ०.२ व्होल्टला १४ आणि ०.३ व्होल्टला ५. उष्णतामान ह्याच्या दुप्पट, म्हणजे २३२० अंश असेल, तर तेच आकडे १००, ६१, ३७, २२ असे उतरतील. दोन्ही रांगा आलेखावर काढल्या, की एक उतार कड्यासारखा आणि दुसरा आडवातिडवा खाली येणारा दिसेल. उतारावरून उष्णतामान निघते. (हे अंश केल्विनचे. सेल्सिअस हवे असतील तर २७३ वजा करा. हजारांच्या हिशेबात तो फरक मनावर घेण्याचे कारण नाही.)

उष्णतामान कळले, की इलेक्ट्रॉनांची सरासरी चाल कळते. सोळाशे अंशांच्या आसपास ती सेकंदाला सुमारे अडीचशे किलोमीटर भरते. वई काढून टाकल्यावर एका सेकंदात चकतीवर जितके इलेक्ट्रॉन पडले, त्यांची संख्या दोनच गोष्टींवर अवलंबून असते, त्यांची दाटी आणि त्यांची चाल. चाल आधीच हाती आलेली असते, म्हणून दाटी काढता येते. एकाच आलेखाच्या उतारातून ताप आणि उंचीतून संख्या, दोन्ही मिळतात. मला ह्या रीतीचे कौतुक वाटते ते ह्यासाठी.

पण ऐकायला सोपे तितके करायला सोपे नाही. बोराएवढ्या जागेत एक लाख इलेक्ट्रॉन असतील, तर एक चौरस सेंटिमीटरच्या चकतीतून वाहणारा प्रवाह अँपिअरचा सुमारे एककोटीवा भाग असतो. आपल्या घरातला शंभर वॉटचा जुना दिवा अर्धा अँपिअर घेई, यावरून अंदाज करा. ह्या इवल्या प्रवाहात खोट मिसळवणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. धातूवर ऊन पडले, की त्याच्यातूनच इलेक्ट्रॉन निसटतात. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने धावतो आणि आयन त्याच्या मानाने मंद, म्हणून उपग्रहाच्या पाठीमागे, होडीच्या मागे पाणी फाटावे तशी आयनांविना पोकळी पडते. त्या बाजूला मोजून उपयोग नाही. पृष्ठभागावर तेलकट थर बसला, तर इलेक्ट्रॉन असतात त्याहून तापलेले दिसू लागतात. या मळाने शास्त्रज्ञांना पूर्वी बराच काळ चकवले आहे. म्हणून जाळ्यांना आणि गोळ्यांना सोन्याचा किंवा तशाच न गंजणाऱ्या द्रव्याचा मुलामा देतात.

आणखी एक मौजेची अडचण आहे. इलेक्ट्रॉन आयनांपेक्षा कितीतरी चपळ असल्यामुळे उपग्रहाच्या अंगावर तेच अधिक आदळतात आणि सगळा उपग्रहच थोडासा ऋणभारित होऊन बसतो. म्हणजे आपण वई घालण्यापूर्वीच कोणीतरी एक वई घालून ठेवली आहे आणि तिची उंची आपल्याला ठाऊक नाही! उष्णतामानाला याची फारशी बाधा होत नाही, कारण तिथे उतार पाहायचा असतो, पायथा नव्हे. संख्या काढताना मात्र ती उंची कळणे भाग असते, आणि त्यासाठी वेगळा गोळा बसवून उपग्रहाचा स्वतःचा विद्युत्दाब पाहावा लागतो.

आपल्या देशात ह्या विषयाला हात घातला तो अगदी आरंभापासून. १९ एप्रिल १९७५ रोजी सुटलेल्या 'आर्यभट' या पहिल्या भारतीय उपग्रहावरही उच्च वातावरणाचा अभ्यास करणारी उपकरणे होती. पण चारपाच दिवसांतच वीजपुरवठा बिघडला आणि प्रयोग थांबले. पुढे 'स्रॉस' मालिकेतले उपग्रह आखले गेले. त्यांचे नशीब काही वर्षे आडवेच आले. मार्च १९८७ मध्ये अग्निबाण कोसळला, जुलै १९८८ मध्ये पुन्हा कोसळला. मे १९९२ मध्ये उपग्रह वर पोचला, पण ठरल्यापेक्षा खालच्या कक्षेत, आणि दोन महिन्यांत संपला. अखेर ४ मे १९९४ रोजी श्रीहरिकोट्याहून 'स्रॉस-सी२' सुटला आणि नीट बसला. वजन सव्वाशे किलोच्या आत, कक्षा सुमारे ४२० ते ६२० किलोमीटर. त्याच्यावर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने बनवलेले जाळीचे यंत्र होते. त्याच्यात इलेक्ट्रॉनांसाठी एक पेटी, आयनांसाठी दुसरी, आणि आत्ताच सांगितलेला तो गोळा. हा उपग्रह २००१ च्या जुलैपर्यंत फिरत राहिला. त्याची नोंद प्रामुख्याने भारताच्या आसपासच्या आकाशाची आहे. त्यात आपल्या ठाणे-पालघरच्या माथ्यावरचे आकाशही आले.

त्याला काय आढळले? १९९५-९६ च्या सुमारास, सूर्य शांत असताना घेतलेल्या नोंदींत रात्री इलेक्ट्रॉनांचे उष्णतामान ७०० ते ८०० अंश भरले. हे ठीक. पण दिवसातला सर्वांत जास्त ताप दुपारी बारा वाजता असेल अशी आपली अटकळ, ती साफ चुकते. सूर्य उगवला, की एकदोन तासांत उष्णतामान एकदम साडेतीन हजारांच्या घरात चढते, आणि मग सूर्य वर चढत असताना ते उलट खाली येते. दहाच्या सुमारास ते सोळाशेवर उतरते आणि दिवसभर तिथेच रेंगाळते. (तितक्या उंचीवरून क्षितिज खाली गेलेले असते, म्हणून तिथे सूर्यही आपल्यापेक्षा सुमारे दीड तास आधी दिसतो. आपण अंथरुणात असतानाच वरती ही धांदल सुरू होते.)

हा उलटा प्रकार का? एका पंगतीचे उदाहरण घ्या. भाताचे तपेले चुलीवरून उतरले आणि पाने मांडली आहेत पाचच. प्रत्येकाला डोंगराएवढा भात मिळेल. तेवढ्याच तपेल्याला पन्नास पाने झाली, तर मूठमूठ मिळेल. रात्रभर ऊन नसल्यामुळे इलेक्ट्रॉन आयनांना भेटून विझत आलेले असतात आणि पहाटे त्यांची संख्या दिवसाच्या कित्येक पटींनी कमी झालेली असते. अशा वेळी सूर्यकिरण येतात, नवे इलेक्ट्रॉन मोठ्या जोराने उडवून देतात, आणि तो जोर वाटून घ्यायला जुने इलेक्ट्रॉन थोडेच असतात. म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला ताप भरपूर येतो. पुढे इलेक्ट्रॉन वाढत जातात आणि वाटा लहान होतो. शिवाय तापलेला इलेक्ट्रॉन आयनावर आदळून आपली उष्णता थोडीथोडी गमावतो. ही गळती फार सावकाश असते, कारण आयन त्याच्या हजारोपट जड. गोटी जात्यावर आपटून उसळावी तसा तो परततो. पण दाटी वाढली, की आदळणे वाढते. इलेक्ट्रॉन दुप्पट झाले तर आयनही दुप्पट होतात, आणि एकूण गळती चौपट होते. दुपारी ऊन कडक असूनही इलेक्ट्रॉन थंड, ते ह्यामुळे.

आता ध्यानात आले असेल, की नुसते 'साडेतीन हजार अंश' म्हटले तर काहीच बोध होत नाही. तो आकडा संख्येशेजारी ठेवला तरच बोलू लागतो.

"पण मास्तर, ह्याचा आम्हाला काय उपयोग?" असे कोणी विचारील, आणि त्याने ते विचारलेच पाहिजे. अर्नाळा, पाचूबंदर, नायगावच्या होड्या समुद्रात जातात तेव्हा आता त्यांच्यावर उपग्रहाच्या संदेशावरून ठिकाण सांगणारी यंत्रे असतात. तो संदेश हजारो किलोमीटरवरून येताना ह्याच आयनांबरातून येतो आणि इलेक्ट्रॉनांच्या गर्दीत त्याला उशीर होतो. उशीर झाला, की यंत्र समजते उपग्रह आहे त्याहून लांब आहे, आणि ठिकाण चुकते. ही चूक कधी दोनचार मीटर असते, कधी दहावीस. आणि आपला प्रदेश याबाबतीत जरा अवघड जागी आहे. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जाते. दिवसा तिथला प्लाझ्मा कारंज्यासारखा वर उचलला जातो आणि चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तरेला गुजरात-मध्यप्रदेशाच्या बाजूला येऊन साचतो. वसईचे आकाश त्या ढिगाच्या उतारावर आहे. सूर्यास्तानंतर तर ह्या प्लाझ्मात बुडबुडे उठतात आणि संदेश थरथरतो, कधी तुटतोही.

अमेरिकन जीपीएस संदेशातच ही चूक कमी करणारे एक सूत्र पाठवलेले असते. ते सगळ्या पृथ्वीला एकच माप लावते आणि सरासरीने निम्मी चूक काढते. विषुववृत्ताच्या आसपास त्याची विशेष दमछाक होते. उसने माप आपल्या अंगाला बसत नाही म्हणून आपले आकाश आपणच मोजणे आले. विमानांसाठी आपल्याकडे 'गगन' ही सुधारणा देणारी व्यवस्था उभारली, आणि 'नाविक' प्रणाली आखताना दोन वारंवारतांचे संदेश ठेवले, कारण दोन्हींना होणाऱ्या उशिरातला फरक पाहून वाटेतले इलेक्ट्रॉन मोजता येतात. पण उद्या सकाळी तो ढीग कुठे असेल आणि किती उंच फुगेल हे आधी सांगायचे, तर नुसती संख्या पुरत नाही. दूध तापले की वर येते, तसा प्लाझ्मा तापला की वर पसरतो. तो किती पसरेल आणि इलेक्ट्रॉन किती लवकर विझतील, ह्या दोन्ही हिशेबांत उष्णतामान लागते. स्रॉस-सी२ च्या नोंदी कोळ्याच्या यंत्रात थेट जात नाहीत, हे खरे. त्या जातात आयनांबराच्या कोष्टकांची आपल्या अक्षांशांवर पारख करणाऱ्यांच्या हाती.

ही युक्ती आता चंद्रावरही जाऊन आली. ऑगस्ट २०२३ मध्ये उतरलेल्या चंद्रयान-३ च्या 'विक्रम'वर एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला पाच सेंटिमीटरचा धातूचा गोळा होता. त्याला उणे बारापासून अधिक बारा व्होल्टपर्यंत दशांश व्होल्टच्या पायऱ्यांनी दाब देत चंद्राच्या जमिनीलगतचा प्लाझ्मा मोजला गेला. पद्धत तीच, लँगम्यूर यांची.

शाळेत उपग्रह आणता येणार नाही, पण एक नोंद मुलांकडून करून घेता येईल. पहाटे अंधार असताना मध्यम लहरींवर दूरचे एखादे केंद्र लावून ठेवावे आणि दर पाच मिनिटांनी त्याचा आवाज चांगला, मध्यम की अंधुक, ते वहीत लिहावे. शेजारी त्या दिवशीची सूर्योदयाची वेळ पंचांगातून उतरवावी. पंधरा दिवस ही नोंद ठेवली, की आवाज विरण्याची वेळ आणि सूर्योदय यांचा मेळ मुले आपली आपणच लावतील. वहीत रकाने आखताना एक रकाना ढगांसाठीही ठेवावा. ढगांचा आणि आवाज विरण्याचा काही संबंध दिसतो का, ते त्यांनाच शोधू द्यावे.